तुळशीखालचं अर्थिंग

भाऊ, तू गेल्यापासून या घरात जो येतो तो एकच वाक्य बोलतो, "मायनी बलाई लिधं लेकले." आई जाऊन बारावा दिवस उजाडला आणि तिच्यामागे लेकही गेला, म्हणजे तिनंच बोलावून घेतलं. लोकांना हे लगेच पटतं. पटलं की ते पाणी पितात आणि उन्हाबद्दल बोलायला मोकळे होतात. वहिनी मान हलवतात, मी भिंतीकडे बघते. माय कुणाला बोलावणारी नव्हती रे. उलट वीस वर्षं तिनंच तुला धरून ठेवलं होतं, रोज सकाळी दोन तांबे पाणी ओतून. हे फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता मला एकटीला माहीत आहे. ते सांगावं तर तुझं नाव जातं, आणि न सांगावं तर काय होईल ते मला या कूलरसमोर बसून नीट दिसतं आहे. त्याचा प्लग काढून ठेवला आहे, तरी त्याच्या जाळीला कुणी हात लावायला जात नाही. आज तुझा पाचवा दिवस.

तुझ्याशी भांडल्याशिवाय मला काही सुचत नाही, म्हणून हे तुलाच लिहिते आहे. चिडू नकोस. चिडलास तरी आता काय करणार आहेस म्हणा.

सोनगीरचं धाब्याचं, मातीच्या छताचं घर आठवतं? लाकडी जिन्याला तू पहिल्यांदा टू-वे बसवला होतास, दोन जुनी बटणं आणि कुठून तरी आणलेली उरलेली वायर घेऊन. मी चौथीत होते. तू खाली, मी वर. तू लावायचास, मी बंद करायचे, मी लावायचे, तू बंद करायचास. एकच बल्ब दोघांचं कसं ऐकतो, हे मला कळेना. तू काड्यापेटीच्या काड्या जमिनीवर मांडून मला समजावलंस, आणि मला ते समजलं. त्या दुपारी आपण बल्बाचे हाल केले. शेवटी माय लाटणं घेऊन आली तेव्हा तू खालून पळालास आणि मी वर अडकले. मार मीच खाल्ला. आज मी धुळ्याला आयटीआयत वायरमनच्या वर्गाला शिकवते. टू-वे शिकवायची वेळ आली की फळ्यावर आधी काड्याच काढते. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते सगळ्या भाऊबंदांत सांगत फिरला असतास.

खरं तर आयटीआयला तुला जायचं होतं. आबांनी तुला कचेरीत चिकटवलं, कारण थोरल्या मुलानं खांबावर चढणं त्यांना बरं दिसत नव्हतं. दहा वर्षांनी मी हट्ट केला तेव्हा आबा थकले होते, त्यामुळे मला जमलं. तू मला वसतिगृहात सोडायला आलास आणि माझं वर्कशॉपचं पुस्तक फाटकाशी उभ्या उभ्या अर्धं वाचून काढलंस. पुढं जन्मभर मला "सर्टिफिकेटवाली" म्हणत राहिलास. त्यात चेष्टा किती आणि दुखरं किती, ते मी कधी मोजलं नाही. दर रविवारी तू कुणाच्या ना कुणाच्या घरात शिडीवर असायचास. कुणाचा पंखा, कुणाच्या देवघरातला दिवा, कुणाच्या छतातल्या पट्टीचा उजेड. हात तुझा सुरेख होता, अगदी खरं सांगते. तुझ्यासारखी वायरिंगची सरळ पट्टी माझ्या वर्गात आजवर एकानंही मारलेली नाही.

मग जळगावात तू हे घर बांधलंस. वायरिंग स्वतःच करायचं, यावर तुझं आणि वहिनींचं महिनाभर वाजलं आणि तू जिंकलास. अर्थिंगचा खड्डा खणायला सुरुवात झाली त्या दिवशी मी इथेच होते. पाइप आठ फूट खाली जायला हवा. वर तीन फूट काळी माती निघाली आणि त्याखाली असा मुरूम लागला की पहार टणाटण उडायला लागली. गडी म्हणाले, होत नाही. मी म्हटलं, मशीन आण. तू खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून बराच वेळ विचार केलास. मग तुझ्या तोंडावर ते हसू आलं. ते हसू आलं की मला भीतीच वाटायची.

"सुमे, काळी माती ओली असली का करंट झटकन पोटमा लेस ना?"

"घेते. पण उन्हाळ्यात ही माती भेगाळते. पाइपाला सोडून देते."

"मंग तिले उन्हाळामा सुकूच नही दिधं तर?"

पाइप तीन फुटांवर थांबवलास, भोवती कोळसा आणि मीठ भरलंस आणि वर तुळशीवृंदावन बांधलंस. माय रोज सकाळी तुळशीला पाणी घालणारच, ताप असो, पाऊस असो. म्हणजे अर्थिंगला बारा महिने पाणी, आणि त्यासाठी कुणाला आठवण करायला नको. माझ्या पोरांना मी शिकवते की उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, आणि मला पक्कं माहीत असतं की कुणीही घालणार नाही. तू ते कुलाचारात बसवून टाकलंस. मी टेस्ट लॅम्प लावून बघितला. बल्ब पांढराशुभ्र पेटला, म्हणजे माती करंट नीट घेत होती. मी म्हटलं, "चालेल."

हा एक शब्द मी बोलले, भाऊ. तो तू विसरला नाहीस. सोनगीरच्या नानांकडे, बोदवडच्या संजूकडे, यावलच्या आप्पांकडे, आपल्या भाऊबंदांच्या सहा घरांत तू तुळशीखाली तीन-तीन फुटांचे पाइप पुरलेस आणि प्रत्येक ठिकाणी सांगितलंस, सर्टिफिकेटवालीनं पास केलं आहे. मला कळलं तेव्हा मी हसले होते. खोटं कशाला बोलू, थोडी फुशारलेही होते.

माय मात्र कधी फुशारली नाही. तू तिला चिडवायचास की, माय, तुझ्या जिवावर हे घर चालतं. ती म्हणायची, "मी तुळशीले पानी टाकस, तुना वायरले नही." आणि तांब्या पालथा घालून आत जायची.

मग भाऊबीज आली, तीन वर्षांपूर्वीची. ओवाळून झाल्यावर तू पाकीट पुढं केलंस आणि मी उलट तुझ्याच हातात खोका ठेवला. आरसीसीबी. म्हटलं, ओवाळणी नको, हे बोर्डात बसव, माझ्यासमोर बसव. माणसाच्या अंगातून करंट जायला लागला की हे यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतं. तुझ्या तुळशीवर माझा विश्वास आहे, पण माय आता ऐंशीची झाली. तू मुकाट्यानं बसवलंस. पुढच्या उन्हाळ्यात ते रोज पडायला लागलं, म्हणजे लाइन तोडायला लागलं. कूलर लावला की पडायचं. तू फोन करून म्हणालास, डुप्लिकेट आहे तुझा माल. मी म्हटलं, डुप्लिकेट नाही, ते काहीतरी सांगतंय, कूलरची मोटर तपास. दोघंही फोनवर ओरडलो. तू मला शेवटी जे म्हणालास ते नेहमीचंच, "सुमे, तू पोरेसले शिकाड, माले नको." आठ दिवसांनी आले तर बोर्डात पूर्वीचंच साधं स्विच होतं, आणि माझी भाऊबीज कपाटाच्या खणात, लग्नपत्रिकांच्या खाली. वर तू बाकीच्या घरांनाही सांगून टाकलंस की असलं काही बसवू नका, नुसती कटकट असते.

त्यानंतर आपण त्या विषयावर बोललोच नाही. बाकी सगळ्यावर बोललो. भरताची वांगी कुठून आणलीस, माझ्या सासूबाईंचे गुडघे, सगळं.

मे महिन्यात माय गेली. आधीचे आठ दिवस ती अंथरुणावरच होती. वहिनी तिचं करण्यात बुडालेल्या, त्यामुळे तुळशीला जेमतेम पेलाभर पाणी पडत होतं. मग सुतक. आपल्याकडे सुतकात तुळशीला शिवत नाहीत. देवांवर फूल ठेवायला शेजारच्या काकू येऊन जायच्या, पण अंगणातल्या तुळशीकडे कोण बघतो? तिसऱ्या दिवशी दुपारी मी वृंदावनाजवळ उभी होते. मातीला भेग पडली होती, माझं बोट आत गेलं. मी तशीच आत आले आणि पंधरा माणसांसमोर तुला म्हटलं, "भाऊ, अर्थिंग सुकलं आहे. आणि कूलर चालू आहे."

माझी वेळ चुकली, मला मान्य आहे. तुझे डोळे सुजलेले होते. तू ताडकन उठलास. "माय जाईसन तीन दिन नही व्हयनात आनि तुले वायरी सुचतस?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानांनी मान फिरवली. मी त्याच संध्याकाळी धुळ्याला निघून आले. बसमध्ये रडले ते मायसाठी की रागानं, मला सांगता येणार नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. दहाव्याला मी परत आले. पुरुष सगळे घाटावर गेले होते. घरात शिरताना गॅलरीत कूलरच्या जाळीला माझ्या हाताची उलटी बाजू लागली आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. माझ्या पायात चप्पल होती, फरशी कोरडी होती, म्हणून मुंग्यांवर निभावलं. मी वायरमनच्या वर्गाला शिकवते, भाऊ. मला त्या क्षणी सगळं कळलं. मोटर गळते आहे, बॉडीत करंट आहे, खाली माती कोरडी आहे आणि तोडणारं यंत्र खणात पडलं आहे. मी प्लग काढला. आतल्या बायकांना म्हटलं, ओल्या हातानं कूलरला शिवू नका. तू घाटावरून आलास, डोकं भादरलेलं, एकदम म्हातारा दिसत होतास. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मनात म्हटलं, आज नको. पुन्हा पंधरा माणसांसमोर नको. तेरावं होऊ दे, मग सांगते.

घरात पाहुणे आणि बाहेर आग. प्लग कुणी पुन्हा लावला ते मला माहीत नाही आणि शोधायचंही नाही. बाराव्या दिवशी दुपारी तू अनवाणी, पाइप घेऊन कूलरमध्ये पाणी भरायला गेलास. मी दहाव्याच्या संध्याकाळी धुळ्याला गेले होते, तेव्हा परतीच्या बसमध्ये होते, एरंडोल मागं पडलं होतं. मांडीवर एका पिशवीत तेराव्याचं सामान होतं, दुसऱ्या पिशवीत मेगर, वायरिंगमधली गळती मोजायचं यंत्र, कारण तेरावं झालं की मी तुझं घर तपासणार होते. फोन वाजला. "काय व्हयनं?" म्हणून मी ओरडले तेव्हा सगळी बस मागं वळून बघत होती.

त्या सकाळी वहिनींनी तुळशीला पहिल्यांदा तांब्याभर पाणी घातलं होतं. सुतक फिटलं होतं ना. अठरा दिवस सुकलेली काळी माती एका तांब्यानं ओलावत नाही.

पंचनाम्यात लिहिलं आहे, कूलरचा शॉक. लोकांनी ते वाचून कूलरवाल्याला शिव्या दिल्या. तुझ्या वायरिंगकडे कुणाचं बोट गेलं नाही. आणि मला पहिल्या दिवशी बरंच वाटलं, देवाशपथ. वाटलं, राहू दे. माझ्या भावाचा हात सुरेख होता, एवढंच लोकांच्या लक्षात राहू दे.

पण तू गेलास म्हणजे नवं सुतक लागलं. फक्त या घराला नाही, साऱ्या भाऊबंदकीला. ज्या सहा घरांत तू पाइप पुरलेस, त्याच सहा घरांत मायच्या सुतकात दहा दिवस तुळशी कोरड्या होत्या आणि आता पुन्हा दहा दिवस कोरड्या राहणार. सहाही घरांत कूलर चालू. हे मला तिसऱ्या दिवशी राख सावडून येताना रिक्षात सुचलं. तरी काल दिवसभर मी गप्पच होते. मग आज सकाळी बोदवडहून संजूचा फोन आला. तो तेराव्याला किती माणसं येतील ते विचारत होता. ठेवता ठेवता सहज म्हणाला, "अक्का, कूलरले हात लावा का झिनझिन करस. मोटर बदलनी पडी का?"

मी त्याला म्हटलं, आधी प्लग काढ, मग बोल.

लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक तीन दिवसांचं. माझं फिटलं आहे. म्हणजे या घरात तुळशीला शिवू शकणारी मी एकटीच. आणि भाऊ, मायच्या वेळीही माझं तिसऱ्या दिवशीच फिटलं होतं. तेव्हाही एक बादली मी ओतू शकत होते, तुला न विचारता, न भांडता. मला ते सुचलं नाही. मला तेव्हा फक्त माझं बरोबर आहे हे सिद्ध करायचं होतं.

इथवर लिहून मी उठले आणि बादली भरून अंगणात नेली. ओट्यावर बसलेले नाना कडाडले, "सुतकमा तुळशीले कोन शिवस वं? डोकं ठिकानावर शे का?" वहिनी दारात आल्या. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तीन फुटांचा पाइप, मायचे दोन तांबे, माझं "चालेल", खणातली भाऊबीज. दहाव्याच्या मुंग्यासुद्धा सांगितल्या. नाना म्हणाले, पोरगं गेलं आणि तू त्याच्या कामाला नावं ठेवतेस? मी म्हटलं, नाना, ऐकू नका, बघा.

घरातले सगळे प्लग काढले. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डातून सोडवून टेस्ट लॅम्पला जोडली, दुसरं टोक फेजला. सगळ्यांना लांब पायरीवर उभं केलं आणि बटण दाबलं. बल्बातली तार नुसती लालसर झाली, विझत आलेल्या उदबत्तीएवढी. बटण बंद करून मी बादली ओतली. माती फसफसून पाणी प्यायली. दुसरी बादली मी उचलायच्या आधी वहिनींनी उचलली. कुणी त्यांना अडवलं नाही. बटण बंद, पाणी, पायरी, बटण चालू, असं आम्ही करत राहिलो. चौथ्या बादलीनंतर बल्ब पिवळा झाला. सहाव्या बादलीनंतर ओट्यावरच्या नानांच्या धोतरावर उजेड पडला, भर दुपारी.

वहिनी बल्बाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे सुमाताई, या अठरा दिवसांत कुणी एवढं पाणी टाकलं असतं तर?"

पाणी हा काही खरा उपाय नव्हे, यंत्र काढायलाच नको होतं, मोटर तपासायला हवी होती, हे सगळं मला सांगता आलं असतं. त्यांना ते नको होतं. मी म्हटलं, "कदाचित वाचला असता."

 वहिनी बादली पालथी घालून आत गेल्या, मायसारख्याच. नानांनी खिशातून फोन काढून सोनगीरला लावला आणि सुनेला एवढंच म्हणाले, "तुळशीले पानी टाक. बादलीभर. सुतकनं मी बघस."

तुझं नाव गेलं, भाऊ. संध्याकाळपर्यंत साऱ्या भाऊबंदांत जाईल. मला माफ कर. पण माझंही त्याच्याबरोबर गेलं आहे. तू एकटा नाहीस.

मग एकेका घराला फोन लावले. सगळ्यांनी प्लग काढले, यावलचे सोडून. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. कूलर बंद करा म्हटलं तर म्हणाले, सहा महिन्यांची नात आहे, या उन्हात तिला ठेवू कुठं? मग निदान पाणी टाका, मी म्हटलं. ते मला सांभाळून घेतल्यासारखे म्हणाले, "बाई, तुनं दुःख माले समजस. आते नको. सुतक फिटू दे, मंग येजो. पाच दिनमा काय व्हस?"

तुझ्या वेळी मी तीनच दिवस थांबायचं ठरवलं होतं.

कपाटाचा खण उघडला. लग्नपत्रिका बाजूला सारल्या. खोका तसाच होता, झाकणावर तुझ्या अक्षरात "सुमी – भाऊबीज" लिहिलेलं. म्हणजे फेकायचं तुझ्या मनात नव्हतं. कधीतरी पुन्हा बसवणार होतास का रे? आता हा प्रश्न कुणाला विचारू?

हे शेवटचं यावलच्या बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय. तापीचा पूल मघाशी मागं पडला, आता दोन्ही बाजूंना केळी आहे. पक्कड घ्यायला पिशवीत हात घातला तर खोक्याशेजारी माझ्या हाताला दुसरंच काही लागलं. वहिनींनी न सांगता मायचा तांब्या ठेवला आहे. आप्पांना दोनदा फोन लावला. वाजतो आहे, कुणी उचलत नाही. आता तिसऱ्यांदा लावते आहे, तांब्या मांडीवर धरून.